चहाचा कप आणि कृष्णविवर



या स्मरणिकेत शाळेच्या आठवणींचे लेख भरपूर असणार, म्हणून मी मुद्दाम वेगळा विषय निवडला आहे. विज्ञानाच्या इतिहासातली एक गोष्ट सांगतो. तिचा मुख्य भाग १९७० ते १९७५ या पाच वर्षांत घडला. तिच्यात एक विद्यार्थी आहे, त्याचे शिक्षक आहेत, आणि विद्यार्थ्याचं म्हणणं साफ चूक आहे असं ठामपणे मानणारा एक नामांकित शास्त्रज्ञ आहे. शेवटी विद्यार्थी बरोबर ठरला, आणि तो बरोबर आहे हे सिद्ध केलं त्याच्या विरोधकानेच. शाळेच्या स्मरणिकेत या गोष्टीला जागा असावी असं मला वाटलं.

आपल्यातले बरेच जण दहावीनंतर विज्ञानाकडे फिरकले नाहीत, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे समीकरणं घालत नाही. एके ठिकाणी वर्ग आणि बेरीज लागेल, तेवढी आपल्या गणिताच्या बाईंनी सगळ्यांकडून घोटून घेतलेली आहे.

वाफेच्या इंजिनातून निघालेला नियम

माझी नोकरीची वर्षं साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये गेली, म्हणून या विषयाकडे मी वाफेच्या दारातून आलो. बगॅस जाळायचा, वाफ करायची, ती टर्बाइनमध्ये सोडायची. टर्बाइन फिरतं, वीज तयार होते. पण वाफेतली सगळी उष्णता विजेत उतरत नाही. उरलेली उष्णता रस उकळायला वापरली तरी शेवटी ती स्प्रे पाँडच्या पाण्यातून हवेत जाते. नव्याने आलेल्या इंजिनिअरला नेहमी वाटतं की यंत्र आणखी चांगलं केलं तर ही उष्णता वाचेल. थोडी वाचतेही. पण सगळी कधीच वाचत नाही.

याचं कारण सादी कार्नो या फ्रेंच तरुणाने १८२४ मध्ये एका छोट्या पुस्तकात मांडलं. उष्णतेवर चालणारं कुठलंही यंत्र गरम बाजूकडून उष्णता घेतं आणि थोडी गार बाजूला टाकतं. जास्तीत जास्त किती काम निघेल हे यंत्राच्या घडणीवर नाही, तर या दोन बाजूंच्या तापमानांवर ठरतं. सगळीच्या सगळी उष्णता कामात उतरवायची, तर गार बाजू निरपेक्ष शून्य तापमानाची, म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअसची हवी. असं ठिकाण कुणाकडेही नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल. कार्नो १८३२ मध्ये कॉलऱ्याने गेला, तेव्हा तो जेमतेम छत्तीस वर्षांचा होता.

पुढे जर्मनीत रुडॉल्फ क्लॉसियस यांनी याच विचाराला नियमाचं रूप दिलं आणि १८६५ मध्ये त्यासाठी एक नवा शब्द घडवला, एन्ट्रॉपी. उष्णता आपोआप गरमाकडून गाराकडे जाते, उलट जात नाही. टेबलावरचा चहा गार होतो, गार झालेला चहा आपोआप उकळत नाही. असं प्रत्येक वेळी घडताना एन्ट्रॉपी वाढते. जगातली एकूण एन्ट्रॉपी वाढते किंवा तेवढीच राहते, कमी होत नाही. हाच उष्मागतिकीचा दुसरा नियम. पहिला नियम म्हणजे आपण शाळेत शिकलेला ऊर्जेच्या अक्षय्यतेचा.

एन्ट्रॉपी म्हणजे नेमकं काय, हे व्हिएन्नाच्या लुडविग बोल्ट्झमन यांनी सांगितलं. त्यासाठी आपल्या शाळेचं मैदान आठवा. प्रार्थनेच्या वेळी उंचीप्रमाणे रांगा असत. कोण कुठे उभं राहणार ते ठरलेलं, मांडणी जवळजवळ एकच. मधल्या सुट्टीत तीच मुलं मैदानभर पसरलेली असत. गच्चीवरून पाहणाऱ्याला दोन क्षणांच्या मांडण्यांत फरकही कळत नसे, अशा मांडण्या असंख्य. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या आतल्या मांडण्या जितक्या जास्त, तितकी एन्ट्रॉपी जास्त. वाफेच्या कणांनाही हेच लागू पडतं. हे सूत्र बोल्ट्झमन यांच्या व्हिएन्नातल्या समाधीवर कोरलेलं आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा नियम इतका पक्का मानला जाऊ लागला की तो मोडणारी कल्पना दिसली, तर कल्पनेतच खोट असणार असं भौतिकशास्त्रज्ञ समजत. मग विसाव्या शतकात कृष्णविवरं आली.

व्हीलर सरांनी विचारलेला प्रश्न

आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताप्रमाणे पुरेसं वस्तुमान पुरेशा लहान जागेत कोंबलं, की त्याच्याभोवतीचं गुरुत्व इतकं प्रबळ होतं की प्रकाशही सुटू शकत नाही. ज्या सीमेच्या आत गेलेलं काहीही परत येत नाही, तिला घटना क्षितिज म्हणतात. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराची त्रिज्या तीन किलोमीटरच्या आसपास असते आणि त्याच्या क्षितिजाचं क्षेत्रफळ सुमारे ११० चौरस किलोमीटर. क्षितिज हा काही दगडामातीचा पृष्ठभाग नाही. ती फक्त परतीची वाट बंद करणारी सीमा आहे.

अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात जॉन व्हीलर नावाचे प्राध्यापक होते. ‘ब्लॅक होल’ हे नाव रूढ केलं ते त्यांनीच. त्यांच्या विद्यार्थ्यांत जेकब बेकेनस्टाइन हा तरुण होता. जन्म १९४७ चा, मेक्सिको सिटीतला, आईवडील पोलंडहून तिथे गेलेले ज्यू. व्हीलर यांनी एकदा त्याला सांगितलं की, गरम चहाचा कप गार चहाच्या कपाजवळ ठेवून दोन्ही कोमट होऊ दिले, तर आपण जगाची एन्ट्रॉपी वाढवतो. तो गुन्हा कायमचा नोंदला जातो. पण जवळून एखादं कृष्णविवर जात असेल आणि दोन्ही कप त्यात टाकून दिले, तर पुरावाच नाहीसा होतो. मग आपण गुन्ह्यातून सुटलो का?

हा विनोद नव्हता. त्या काळी सिद्ध होत आलेल्या समजुतीप्रमाणे स्थिरावलेलं कृष्णविवर बाहेरून फक्त तीन गोष्टींनी ओळखता येतं. त्या म्हणजे वस्तुमान, फिरणं आणि विद्युतभार. आत चहा पडला की दगड, याचा कुठलाही माग बाहेर राहत नाही. म्हणजे कप आत गेल्यावर बाहेरच्या जगाची एन्ट्रॉपी खरोखरच कमी झाली, आणि ती कुठे गेली हे दाखवणारं काहीच उरलं नाही. दुसरा नियम मोडला.

१९७१ मध्ये रॉबर्ट गेरोच यांनी हीच अडचण यंत्राच्या भाषेत मांडली. उष्ण प्रारणाने भरलेली पेटी दोरीला बांधून हळूहळू क्षितिजापर्यंत उतरवा. उतरताना ती दोरीला ओढते, त्यातून काम मिळतं. अगदी क्षितिजाशी पेटी उघडून उष्णता आत सोडा आणि रिकामी पेटी वर ओढा. हिशेब केला तर सगळी उष्णता कामात उतरते, शंभर टक्के. कार्नोने जी गार बाजू अशक्य ठरवली होती, ती कृष्णविवराच्या रूपाने हाती आली असा त्याचा अर्थ. बॉयलरवर काम केलेल्या माणसाला हे ऐकून झोप लागणार नाही.

घटू न शकणारं क्षेत्रफळ

त्याच सुमारास आणखी एक धागा हाती लागला. प्रिन्स्टनमध्येच डिमेट्रिओस ख्रिस्तोडूलू या अवघ्या एकोणीस वर्षांच्या ग्रीक विद्यार्थ्याने १९७० मध्ये दाखवलं की फिरणाऱ्या कृष्णविवराची फिरण्याची ऊर्जा काढून घेता येते, पण एक ठरावीक भाग काही केल्या कमी करता येत नाही. आणि नोव्हेंबर १९७० मध्ये केंब्रिजच्या स्टीफन हॉकिंग यांना याहून व्यापक गोष्ट सुचली. आजारामुळे त्यांना रात्री झोपायच्या तयारीला बराच वेळ लागे. त्या वेळात विचार करताना त्यांच्या लक्षात आलं की काहीही झालं तरी घटना क्षितिजाचं क्षेत्रफळ कमी होऊ शकत नाही. दोन कृष्णविवरं एक झाली, तर नव्याचं क्षेत्रफळ दोघांच्या बेरजेहून कमी असणार नाही.

या सिद्धतेच्या मुळाशी एका भारतीयाचं काम आहे. कोलकात्याच्या अमल कुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये एक समीकरण प्रसिद्ध केलं होतं. गुरुत्वाच्या क्षेत्रातून जाणारे मार्ग एकमेकांजवळ कसे ओढले जातात, हे ते सांगतं. प्रकाशकिरणांसाठीचं त्याचंच रूप हॉकिंग यांच्या प्रमेयाचा कणा आहे. रायचौधुरी पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये शिकवू लागले आणि तिथल्या पिढ्यान्‌पिढ्यांचे आवडते शिक्षक झाले.

वाढतं किंवा तेवढंच राहतं, कमी होत नाही. हे वाक्य आपण मघाशीच ऐकलं आहे, एन्ट्रॉपीबद्दल. हॉकिंग यांनाही हे साम्य दिसलं होतं, पण ते त्यांनी निव्वळ साम्य मानलं. बेकेनस्टाइनने ते शब्दशः घेतलं. त्याने १९७२ मध्ये पहिला छोटा निबंध आणि १९७३ मध्ये सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. त्याचं म्हणणं असं होतं की क्षितिजाचं क्षेत्रफळ हीच कृष्णविवराची एन्ट्रॉपी. कप आत पडले की बाहेरची एन्ट्रॉपी कमी होते, पण कृष्णविवराचं वस्तुमान वाढतं, त्यामुळे क्षेत्रफळ वाढतं, आणि बेरीज कधीच घटत नाही. गुन्ह्याची नोंद क्षितिजावर राहते.

दोन राशींमधला प्रमाणांक त्याला नेमका काढता आला नाही. त्याने केलेला अंदाज खऱ्या आकड्याहून बराच लहान होता. पण मुख्य म्हणणं त्याने सोडलं नाही.

वाद

आक्षेप साधा होता आणि भक्कम होता. ज्या वस्तूला एन्ट्रॉपी आहे आणि ऊर्जा आहे, तिला तापमान असतंच. ज्याला तापमान आहे ते उष्णता बाहेर टाकतं. तापलेलं लोखंड लाल दिसतं, आपल्या अंगातूनही अवरक्त किरण निघतात. आणि कृष्णविवरातून तर व्याख्येनेच काही बाहेर येत नाही. म्हणजे तापमान शून्य, म्हणजे एन्ट्रॉपीची भाषा निरर्थक.

१९७२ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये आल्प्सच्या पायथ्याशी, ले झूश या गावी कृष्णविवरांवर एक अभ्यासवर्ग भरला होता. तिथे हॉकिंग, जेम्स बार्डीन आणि ब्रँडन कार्टर या तिघांनी मिळून कृष्णविवरांच्या यांत्रिकीचे चार नियम मांडले. उष्मागतिकीच्या चार नियमांशी ते ओळीला ओळ जुळतात. भांड्यातलं पाणी स्थिरावल्यावर सगळीकडे एकाच तापमानाचं होतं. तसंच स्थिर कृष्णविवराच्या क्षितिजावर गुरुत्वाची तीव्रता सगळीकडे एकच असते, मग ते फिरत असून मध्यभागी फुगलेलं का असेना. क्षितिजावरच्या या तीव्रतेला पृष्ठ-गुरुत्व म्हणतात. तापमानाच्या जागी पृष्ठ-गुरुत्व आणि एन्ट्रॉपीच्या जागी क्षेत्रफळ घातलं की चारही नियम मिळतात. आणि तरीही १९७३ साली छापलेल्या त्या निबंधात तिघांनी बजावून सांगितलं की हे केवळ साधर्म्य आहे. कृष्णविवराचं खरं तापमान शून्यच. बेकेनस्टाइनने आपल्या प्रमेयाचा गैरवापर केला आहे असं हॉकिंग यांना वाटत होतं, आणि त्या निबंधामागे काहीसा तो वैतागही होता, असं त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे.

बेकेनस्टाइन तेव्हा पंचविशीत होता, नुकताच पीएच.डी. झालेला. समोर त्या विषयातली जगातली सर्वांत मोठी नावं. आपण चुकीच्या वाटेला लागलो आहोत असं त्याला वारंवार ऐकवलं जात होतं. त्या काळात आधार होता तो व्हीलर सरांच्या मताचा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ही कल्पना वेडगळ आहे खरी, पण खरी ठरण्याइतकी वेडगळ असूही शकेल. त्यांनी त्याला ‘तू बरोबर आहेस’ असं सांगितलं नाही, कारण ते त्यांनाही माहीत नव्हतं. पण सोडून दे असंही सांगितलं नाही.

विरोधकानेच दिलेलं उत्तर

सप्टेंबर १९७३ मध्ये हॉकिंग मॉस्कोला गेले. तिथे याकोव्ह झेल्दोविच आणि अलेक्सी स्टारोबिन्स्की यांनी त्यांना सांगितलं की पुंज सिद्धांताचा विचार केला तर फिरणाऱ्या कृष्णविवरातून कण बाहेर पडायला हवेत. हॉकिंग यांना मुद्दा पटला, पण गणिताची पद्धत आवडली नाही. परतल्यावर त्यांनी स्वतःच्या पद्धतीने हिशेब मांडला. अपेक्षा होती फिरणाऱ्या कृष्णविवरातून थोडे कण निघण्याची. उत्तर आलं ते असं की न फिरणारं, निवांत कृष्णविवरही सतत कण बाहेर टाकतं.

त्यांना आधी वाटलं की कुठेतरी गफलत झाली. ती सापडेना. त्यांची पंचाईत अशी, की हे बेकेनस्टाइनला कळलं तर तो ते आपल्या बाजूचा पुरावा म्हणून वापरेल अशी धास्ती होती. हेही त्यांनीच पुढे लिहिलं आहे. अखेर त्यांना पटलं ते एका गोष्टीने. बाहेर पडणाऱ्या कणांची ऊर्जेनुसार वाटणी अगदी तापलेल्या वस्तूतून निघणाऱ्या प्रारणासारखी होती, आणि त्यातून निघणारं तापमान पृष्ठ-गुरुत्वाच्या नेमक्या प्रमाणात होतं. ज्याला तिघांनी साधर्म्य म्हटलं होतं, ते खरंखुरं तापमान निघालं. आता प्रमाणांकही मिळाला. प्लांक लांबी हे निसर्गातलं अतिसूक्ष्म माप घेऊन क्षितिजाचं क्षेत्रफळ तिच्या वर्गात मोजायचं, आणि येईल त्या आकड्याचा पाव भाग म्हणजे एन्ट्रॉपी.

फेब्रुवारी १९७४ मध्ये ऑक्सफर्डजवळच्या रदरफोर्ड प्रयोगशाळेतल्या परिषदेत हॉकिंग यांनी हे मांडलं, तेव्हा सभाध्यक्षांनी तिथल्या तिथे ते धुडकावून लावलं. पण १ मार्च १९७४ च्या ‘नेचर’मध्ये निबंध आला, १९७५ मध्ये सविस्तर गणित आलं, आणि इतरांनी वेगवेगळ्या वाटांनी तेच उत्तर काढलं. गेरोचच्या पेटीचं कोडंही सुटलं. गार बाजू निरपेक्ष शून्याला नव्हतीच, कार्नोची मर्यादा शाबूत राहिली.

भोवतालच्या क्षेत्रातली ऊब

मग क्षितिजाच्या आतून काही बाहेर येत नाही, हे खोटं का? नाही. हे कण आतून पळून आलेले नसतात. क्षितिजाबाहेरच्या प्रबळ गुरुत्वक्षेत्रात ते निर्माण होतात, आणि लागणारी ऊर्जा त्या क्षेत्रातून, म्हणजे शेवटी कृष्णविवराच्या वस्तुमानातून जाते. बाहेर जेवढं गेलं तेवढं कृष्णविवर हलकं होतं. क्षेत्रफळ मग कमी होतं, हॉकिंग यांचा जुना नियम तेवढ्यापुरता सुटतो. पण बाहेर गेलेल्या प्रारणाची एन्ट्रॉपी धरली तर बेरीज वाढतेच. टिकला तो बेकेनस्टाइनचा नियम.

आकडे पाहिले तर गंमत कळते. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या दहा कोटी भागांपैकी सुमारे ६ भाग, जवळजवळ नाहीच. विश्वात सगळीकडे पसरलेलं प्रारण २.७ अंशांचं आहे, म्हणजे आज असं कृष्णविवर टाकतं त्याहून जास्त उष्णता घेतं. समजा पुढे ते आटायला लागलंच, तरी संपायला १० च्या ६७व्या घाताइतकी वर्षं लागतील. वस्तुमान जितकं कमी, तितकं तापमान जास्त. चंद्राएवढं वस्तुमान मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या त्रिज्येत कोंबलं तर तापमान सुमारे १.७ अंश येतं. आपल्या ओळखीच्या वस्तू ऊर्जा टाकताना गार होतात. कृष्णविवर ऊर्जा टाकताना तापत जातं आणि शेवटी भडकून संपतं. असं लुकलुकणं अजून कुणाला दिसलेलं नाही, आणि म्हणूनच हॉकिंग यांना या शोधासाठी नोबेल मिळालं नाही.

आटत जाणाऱ्या कृष्णविवराभोवतीचं गुरुत्वक्षेत्र गणितात मांडायचं तर वस्तुमान घटत असताना प्रारण बाहेर जातं आहे असं उत्तर लागतं. ते उत्तर आधीच तयार होतं. मूळचे कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर, म्हणजे जयंत नारळीकर यांचे वडील, बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवत होते. त्यांच्याकडे शिकायला गेलेल्या प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी १९४३ मध्ये प्रकाश टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीचं क्षेत्र शोधून काढलं. ताऱ्यासाठी काढलेलं हे उत्तर तीसेक वर्षांनी आटणाऱ्या कृष्णविवरांच्या अभ्यासात जगभर वापरलं जाऊ लागलं.

पुढे या विषयाचे धागे महाराष्ट्रातही आले. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर यांनी सहकाऱ्यांसह १९९८ मध्ये क्षितिजाच्या सूक्ष्म मांडण्या मोजून एन्ट्रॉपी क्षेत्रफळाच्या प्रमाणात येते हे दाखवलं. त्याआधी १९९६ मध्ये स्ट्रोमिंजर आणि वाफा यांनी दुसऱ्या वाटेने, विशिष्ट प्रकारच्या कृष्णविवरांसाठी, तो पाव भाग नेमका काढला होता. पुण्यात आयुकामध्ये थानू पद्मनाभन यांनी आयुष्यातली बरीच वर्षं उलटा प्रश्न विचारण्यात घालवली. पाण्याला तापमान असतं कारण ते रेणूंचं बनलेलं असतं. मग अवकाशाला तापमान असेल, तर अवकाशही कशाचं तरी बनलेलं असेल का, आणि गुरुत्व हा त्या कणांचा सामुदायिक परिणाम असेल का? पद्मनाभन २०२१ मध्ये गेले. प्रश्न अजून उभा आहे.

आपण करून पाहावा असा हिशेब

या सगळ्यातलं क्षेत्रफळाचं प्रमेय आता मोजून पाहता आलं आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी पहिल्यांदा गुरुत्वीय लहरी टिपल्या. सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एक झाली होती. नवं कृष्णविवर ६२ सूर्यांचं होतं. ३६ आणि २९ मिळून ६५, म्हणजे तीन सूर्यांएवढं वस्तुमान लहरींच्या रूपाने निघून गेलं.

आता पाटी-पेन्सिल घ्या. न फिरणाऱ्या कृष्णविवराचं क्षेत्रफळ वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. ३६ चा वर्ग १२९६, २९ चा वर्ग ८४१, बेरीज २१३७. नव्याचा, ६२ चा, वर्ग ३८४४. ते फिरत होतं म्हणून साधारण १३ टक्के वजा करा, सुमारे ३३५० उरतात. २१३७ पेक्षा जास्तच. आता उलट बाजूने पाहा. २१३७ चं वर्गमूळ साधारण ४६. म्हणजे ६५ पैकी फार तर १९ सूर्य बाहेर जाऊ शकले असते, त्याहून एक कणही जास्त नाही. कार्नोने इंजिनाला घातलेली मर्यादा आणि ही मर्यादा एकाच जातीच्या.

हा झाला पाटीवरचा हिशेब. खरी तपासणी करायची तर धडकेआधीचं आणि नंतरचं क्षेत्रफळ लहरींच्या वेगवेगळ्या भागांतून स्वतंत्रपणे काढावं लागतं. धडकेनंतर नवं कृष्णविवर वाजवलेल्या घंटेसारखं घुमतं आणि काही क्षणांत शांत होतं. त्या घुमण्यावरून त्याचं वस्तुमान आणि फिरणं कळतं. कृष्णविवर असं घुमतं हे १९७० मध्ये दाखवलं होतं बंगळुरूच्या सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी. २०२१ मध्ये पहिल्या नोंदीवर अशी तपासणी झाली. १४ जानेवारी २०२५ ला मिळालेली नोंद कितीतरी स्पष्ट होती. तीत आधीचं एकूण क्षेत्रफळ सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर होतं आणि नंतरचं सुमारे ४ लाख. आपला महाराष्ट्र ३ लाख ८ हजारांच्या आसपास आहे. म्हणजे आधी महाराष्ट्राहून लहान, नंतर महाराष्ट्राहून मोठं. प्रमेय टिकलं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोची भारतीय वेधशाळा उभी राहिली, की अशा नोंदी आणखी नेमक्या होतील.

बेकेनस्टाइन १६ ऑगस्ट २०१५ ला वारले. पहिली लहर पृथ्वीवर पोहोचायला तेव्हा एक महिनाही उरला नव्हता. हॉकिंग १४ मार्च २०१८ ला गेले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये न्यूटन आणि डार्विन यांच्या मधोमध त्यांची शिळा आहे, आणि तीवर कृष्णविवराच्या तापमानाचं सूत्र कोरलेलं आहे. एकेकाळी ज्या तापमानाला त्यांनी ठामपणे शून्य म्हटलं होतं, त्याच तापमानाचं. मला हॉकिंग यांचा मोठेपणा यात दिसतो. हिशेब स्वतःच्या मताविरुद्ध गेला तेव्हा त्यांनी हिशेब दडवला नाही, मत बदललं आणि ते जगजाहीर केलं. आज त्या एन्ट्रॉपीला बेकेनस्टाइन-हॉकिंग एन्ट्रॉपी म्हणतात, दोघांच्याही नावाने.

पण मी ही गोष्ट इथे सांगितली ती व्हीलर सरांसाठी. उत्तर स्वतःला माहीत नसलेला प्रश्न त्यांनी विद्यार्थ्यासमोर ठेवला. विद्यार्थ्याने विचित्र उत्तर आणलं तेव्हा ते खोडलं नाही, आणि बाहेरचे सगळे खोडत होते तेव्हा त्याच्या पाठीशी उभे राहिले. आपल्यालाही असे काही शिक्षक मिळाले. त्यातले काही या संमेलनाला समोरच्या रांगेत बसलेले असतील, काही आता आपल्यात नाहीत. आपल्या वेड्यावाकड्या शंका त्यांनी ऐकून घेतल्या, त्याबद्दल तेव्हा राहून गेलेला नमस्कार आज या लेखातून करतो.